आठ दिवसांची पेटी

एका बाईचं मास्तरीण होणं माझ्यामुळे राहिलं. तिच्याशी मी कधी चार वाक्यंही धड बोललो नव्हतो. चेहरा पाहिला तो आयुष्यात दोनदा, तोही पदराआडून. अक्षर मात्र इतकं ओळखीचं होतं, की आजही कुणी शंभर चिठ्ठ्या समोर टाकल्या तर तिची मी बरोबर उचलून दाखवीन. हे घडलं सत्तावन्न सालच्या तापात. आणि मी ते मोठ्या शिस्तीनं, चांगल्या हेतूनं, कमिटीची शाबासकी घेऊन केलं, म्हणूनच ते अजून पचत नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावाच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल म्हणजे झाडलोट सोडून सगळं. झाडलोटीला आणि घरोघर पुस्तकं पोचवायला एक शिपाई होता, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला मास्तर. कापसाच्या जिनवाल्या शेठजींनी दिलेल्या दोन खोल्या, चार कपाटं, पुढे ओटा आणि ओट्यापुढे कडुनिंब, एवढंच ते वाचनालय. संध्याकाळी मी ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचायचो. जिनातले हमाल, गाडीवाले, बाजाराला आलेले शेतकरी ऐकायला बसायचे. मधेच कुणी शंका काढली की मी चिडायचो, आणि मी चिडतो म्हणून ते मुद्दाम शंका काढायचे.

बायका मात्र वाचनालयाची पायरी चढत नसत. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण चढत नसत. पुस्तकंच त्यांच्याकडे जायची, घरातल्या पुरुषाच्या नावावर. प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत मी एक कागदी खिसा चिकटवला होता. पुस्तक परत येताना त्या खिशात चिठ्ठी यायची, पुढचं कोणतं हवं त्याची. गावातल्या निम्म्या बायकांना मी त्या चिठ्ठ्यांवरूनच ओळखत होतो. एकीनं लिहिलं होतं, "मागचे पुस्तक फार रडके होते, घरात आधीच रडारड आहे, हसवणारे द्या." दुसरी लिहायची, "शेवट चांगला असेल तरच पाठवा, नाहीतर राहू द्या." वकिलांच्या आईंनी तर एकदा पुस्तकाविषयी अवाक्षर न लिहिता लोणच्याचं प्रमाण लिहून पाठवलं होतं, मी मागे कधीतरी त्याची तारीफ केली होती म्हणून. या चिठ्ठ्या मला फार आवडायच्या. दिवसभराच्या कटकटीत तेवढंच सुख होतं.

तिच्या चिठ्ठ्या पोस्टमास्तरांच्या पुस्तकातून येत. ती त्यांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ लग्नानंतर दोन वर्षांत गेला आणि ती थोरल्या दिराच्या घरात राहिली. पोस्टाच्याच मागच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड होतं. पोस्टमास्तर गुप्तहेरांच्या गोष्टी वाचायचे, ती बाकीचं सगळं. चिठ्ठी नेहमी एकाच धाटणीची असायची: "पातळ पुस्तक द्यावे. दुपारी एक तासच मिळतो." मग एकदा तिनं भूगोल मागितला. मग अंकगणित. मग बालसंगोपनावरचं. मी पुस्तकासोबत चिठ्ठी पाठवून विचारलं, दिरांच्या मुलांसाठी हवंय का? उत्तर आलं, "नाही. माझ्यासाठी. लग्नाआधी मराठी सातवी पास आहे. मास्तरीण व्हायचे आहे. हे कुणास बोलू नये." मी बोललो नाही. पण त्या दिवसापासून अभ्यासाची पातळ पुस्तकं आली की मी ती कपाटात न ठेवता माझ्या टेबलाच्या खणात ठेवू लागलो, तिच्यासाठी.

तर त्या वर्षी ताप आला. पेपरात त्याला फ्लू म्हणायचे, गावात नवा ताप. पण म्हाताऱ्या माणसांनी पहिल्याच दिवशी त्याला जुनं नाव दिलं, मानमोडी. मामानं ते नाव घेतलं तेव्हा तो झाडू टाकून ओट्यावर बसला.

"मले आठवते, मास्तर. एका हप्त्यात माह्या घरातून तीन जन गेलते. उचलाले मानूस नव्हता गावात."

मला आठवत नव्हतं, कारण त्या अठरा सालच्या मानमोडीत मी तीन महिन्यांचा होतो. माझी आई तिच्यातच गेली. तिचा फोटोसुद्धा नाही. त्यामुळे नव्या तापाची बातमी मी जशी वाचली, तशी वाचनालयाच्या कमिटीतल्या इतर कुणी वाचली नसावी. पुढे मी जे काही केलं त्याला हे कारण होतं. सबब म्हणून सांगत नाही, कारण म्हणून सांगतो.

शाळा बंद झाली. घरटी दोघं-तिघं अंथरुणाला खिळले. कमिटीनं वाचनालय बंद करायचं ठरवलं, तर मी भांडलो. म्हटलं, माणसं घरात पडून आहेत, पुस्तकं लागायची ती आत्ताच. खोल्यांना कुलूप लावा, पण पुस्तकं बाहेर जाऊ द्या. शेवटी ते "तुम्हीच काय ते पाहा" म्हणाले. मग मी पाहिलं.

ओट्यावरचं वाचन बंद केलं. शाळेतून मोठा फळा आणून कडुनिंबाला टेकवला आणि रोज सकाळी त्यावर ठळक बातम्या लिहू लागलो. वाचता येणाऱ्यानं लांबून वाचायच्या आणि दुसऱ्याला सांगायच्या. मामा टोपली घेऊन घरोघर जायचा, पुस्तक दाराच्या उंबऱ्यावर ठेवायचा, जुनं उचलून आणायचा. ज्यांच्याकडे पेपर पोचत नव्हता त्यांच्यासाठी मी अर्ध्या पानावर कामाच्या बातम्या उतरवून काढायचो. दवाखाना कुठे उघडलाय, कुठली मोटार बंद झाली, कुठे नोकरीची जाहिरात आलीय, असं. ते अर्धं पान प्रत्येक पुस्तकाच्या खिशात जायचं. हात दुखून यायचा, पण मनात म्हणायचो, खोलीला कुलूप असलं तरी वाचनालय चालू आहे.

राहिला प्रश्न परत आलेल्या पुस्तकांचा. सेवाग्रामकडून एक डॉक्टर गावात येत असत, त्यांना विचारलं. ते हसले. म्हणाले, हा ताप माणसाच्या श्वासातून जातो, पुस्तकाची एवढी भीती नको, अगदीच वाटलं तर दिवसभर उन्हात ठेवा. झड लागलेली, ऊन आणायचं कुठून? आणि डॉक्टरांचं हसणं मला आवडलं नव्हतं. माझी आई अशीच कुणाच्या तरी हसण्यावारी गेली असेल, असं मनात आलं. मी माझाच नियम केला. परत आलेलं पुस्तक उघडायचं नाही. निखाऱ्यावर कडुनिंबाचा पाला टाकून धुरी द्यायची, त्या दिवशीचा गठ्ठा सुतळीनं बांधायचा, वर तारखेचा कागद लावायचा आणि पत्र्याच्या मोठ्या पेटीत टाकायचा. आठ दिवस. नवव्या दिवशी उघडायचा.

"पुस्तकाले बी ताप येते काय, मास्तर?" मामानं विचारलं.

"येत नाई हे तुमी सिद्ध करा, मंग मी पेटी काढून टाकतो," मी म्हणालो.

तो बिचारा निखाऱ्यावर पाला टाकू लागला. अध्यक्षांनी पेटी पाहिली, धूर हुंगला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला फार दिवस पुरली.

पुस्तक उघडायचं नाही म्हणजे खिशातली चिठ्ठीही आठ दिवस वाचायची नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणून मी मामाकडून घरोघर निरोप दिला, की चिठ्ठ्या लिहू नका, काय हवं ते मामाला तोंडी सांगा. निरोप त्यानं सगळीकडे दिला. घरात जो पुरुष पुढे आला त्याला दिला. पोस्टात तो पोस्टमास्तरांना दिला. त्यांची दोन्ही मुलं तेव्हा तापानं फणफणली होती, तारांचा ढीग पडला होता, हाताखालचा पोस्टमनही आजारी. त्यांनी "हो हो" म्हटलं आणि कानामागे टाकलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही टाकलं असतं. पुरुषाला सांगितलेला निरोप आतल्या बाईपर्यंत जातोच असं नाही, हे मला कळायला हवं होतं. मला त्या चिठ्ठ्यांवरून सगळी घरं कळतात असा माझाच दिमाख होता.

अशात पेपरात ती जाहिरात आली. वर्ध्याला शिक्षिकांचा प्रशिक्षणवर्ग, राहण्याजेवण्याची सोय, विधवांना आधी जागा. अर्ज साध्या कागदावर, स्वतःच्या हस्ताक्षरात. शिक्षण मराठी सातवी. वयाची पंचवीस पूर्ण झालेली नसावीत. मी ती अर्ध्या पानावर उतरवली तेव्हा इतर बातम्या चार शब्दांत आटपल्या आणि ही अक्षरन् अक्षर लिहिली, महिन्याच्या शेवटच्या सोमवारच्या मुदतीसकट. खाली रेघही मारली. ते पान एका पातळ पुस्तकात घालून मामाबरोबर पोस्टात पाठवलं. दिवसभर मी मनातल्या मनात खूश होतो.

गुरुवारी मामा टोपली घेऊन परत आला. मी ओट्यावर धुरी करत होतो, डोळे चुरचुरत होते.

"पोस्टातल्या बाईनं सांगतलं, मास्तराले म्हनाव पुस्तक उघडून पाह्यजा. आतलं पान फाटलं हाये म्हने."

"आठ दिवसानं पाहू, मामा. फाटलेलं पान आठ दिवसांत अजून फाटत नाई."

"थे दोनदा बोलली, जी. म्हून सांगून राह्यलो."

"मंग मी बी दोनदा सांगतो. आठ दिवस."

त्यानं पुस्तक माझ्या हातात दिलं. मीच त्याला धुरी दिली, मीच सुतळी बांधली. त्या बाईच्या हातून दोन वर्षांत एकाही पुस्तकाचं एक पानसुद्धा दुमडलं नव्हतं, हे तेव्हा मला आठवायला हवं होतं. नाही आठवलं. नियम पाळल्याचं समाधान तेवढं झालं.

शनिवारी मी वर्ध्याला गेलो. ताप असो नसो, दर शनिवारी मी जामच्या फाट्यावर मोटार बदलून वर्ध्याला जायचो आणि आठवड्याचे पेपर, मासिकं, एखादं नवं पुस्तक घेऊन यायचो. गावाला हे माहीत होतं. त्या दिवशी ज्या कचेरीत अर्ज द्यायचे होते तिच्यासमोरूनच गेलो. तिचं काय झालं असेल, असा विचारही मनात येऊन गेला. अर्ज केला असेल तर पोस्टानं गेला असेल, असं वाटलं. आपल्या गावचं पोस्ट म्हणजे कोण, हे त्या क्षणी सुचलं नाही.

मोटार संध्याकाळी पोस्टासमोरच थांबायची. मी गठ्ठा घेऊन उतरलो तर पोस्टाच्या बाजूच्या दारात ती उभी. डोक्यावरून पदर, हातात मुलांच्या औषधाची बाटली. लग्न होऊन आली तेव्हा मिरवणुकीत पाहिली होती, त्यानंतर आत्ता. तिनं थेट माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, नवं पुस्तक आणलं का, असं विचारतेय. मी सवयीनं मान हलवली. आणलंय, पाठवतो, या अर्थी. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला वाटलं, एका पुस्तकासाठी माणूस किती हरखतं. लगेच ती आत गेली.

पुढच्या शुक्रवारी मी गुरुवारचा गठ्ठा सोडला. पोस्टातलं पुस्तक उघडलं. कुठलंच पान फाटलेलं नव्हतं. खिशात चौघडी केलेले दोन कागद होते. एक अर्ज, ताठ, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड नसलेला. जन्मतारीख लिहिली होती, त्यावरून येत्या मार्गशीर्षात तिला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे पुढच्या वर्षी अर्ज करायचा प्रश्नच नव्हता. दुसरी चिठ्ठी मला होती.

"आपण शनिवारी वर्ध्यास जाता. तेव्हा हा अर्ज स्वतः कचेरीत द्यावा ही विनंती. इथल्या पोस्टात टाकू नये. भाऊजी कुणाचे पाकीट फोडत नाहीत, पण माझे अक्षर आणि वरचा पत्ता पाहतील आणि विचारतील, आणि मुले आजारी असताना मला खोटे बोलता येणार नाही. निवड झाली की मीच सांगेन. दिला की मला कळवावे. चिठ्ठी नको. मोटारीतून उतराल तेव्हा मी दारात असेन, मान हलवली तरी कळेल."

मी ओट्यावर बसलो. मुदत सोमवारीच संपली होती. तो अर्ज शनिवारी माझ्या पेटीत होता, पेटीला कुलूप होतं, कुलपाची किल्ली माझ्या जानव्याला होती, आणि मी वर्ध्यात होतो. आणि वर मी तिला मान हलवली होती.

मामा समोर उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण माझ्याकडे पाहूनच तो समजला असावा. "तुमी तरी काय कराल, मास्तर," तो म्हणाला. मी त्याच्यावर ओरडलो. एवढा कधी ओरडलो नव्हतो. "मी सांगतलं होतं," असं तो एका शब्दानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशीची मोटार गेली होती. शनिवारी सकाळी मी पोस्टासमोर मोटारीची वाट पाहत उभा राहिलो. पोस्टमास्तर खिडकीतून बोलले, "काऊन मास्तर, सकाळीच? डोळे लाल दिसून राह्यले तुमचे. तब्येत बरी हाये न?" त्यांचा धाकटा मुलगा उठून बसला होता, ते खुशीत होते. मी म्हटलं, धुरीनं झाले. बाजूच्या दाराकडे मी पाहिलं नाही. ती तिथे असती तर माझ्यानं उभं राहवलं नसतं.

कचेरीत अर्धी टेबलं रिकामी होती. तोंडाला रुमाल बांधलेला एक कारकून तेवढा होता, कागदांवर अजून जुन्या राज्याच्या नावाचा शिक्का. मी सगळं सांगितलं. पेटी, धुरी, आठ दिवस, सगळं. त्यानं ऐकून घेतलं, अर्ज वाचला, पुन्हा वाचला.

"अक्षर चांगलं हाये हो," तो म्हणाला. "यंदा तापापायी अर्ज लय कमी आले. हा आला असता तं झालंच होतं हिचं. बुधवारलोक आनला असता तरी मी कसातरी मधात घातला असता. परवा यादी नागपूरले गेली. आता माह्या हातात काहीच नाई."

मी त्याच्या वरच्या साहेबांना भेटायला मागितलं. साहेब तापानं घरी पडलेले. मी घर विचारलं, घरी गेलो. दारात त्यांच्या म्हाताऱ्या वडलांनी मला लांबूनच हात केला, की जवळ येऊ नका. मी पावसात फाटकाशी उभा राहून म्हणालो, एक अर्ज आहे. ते म्हणाले, शुद्ध नाही त्याला. मग मी आणखी काय करणार होतो? भांडायला माझ्यासमोर कुणी नव्हतंच. असतं तर मी भांडलो असतो, मला तेवढं एक येतं.

येताना मी मोटारीतून अलीकडेच, ओढ्याच्या पुलाशी उतरलो आणि शेतातून चालत गावात शिरलो. पोस्टासमोर उतरायची हिंमत झाली नाही.

रविवारी मी तिला चिठ्ठी लिहिली. सहा वेळा लिहिली. शेवटी जे घडलं ते आहे तसं लिहिलं, अर्ज परत त्याच चौघडीत घातला आणि दोन्ही कागद एका पातळ पुस्तकाच्या खिशात ठेवले. मामाला सांगितलं, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. पेटीचं कुलूप त्याच दिवशी काढलं. आलेलं पुस्तक दारातच उघडून पाहू लागलो. मला ताप आला नाही. मामाला आला, चार दिवसांत उतरला. बहुतेकांचा उतरला. डॉक्टरांचं खरं होतं, पुस्तकातून कुणाला काही झालं नाही. पेटीनं गावातल्या एकाही माणसाला वाचवलं नाही.

दहा-बारा दिवस पोस्टातून पुस्तक आलंच नाही. मग एका दुपारी मामा आला. टोपली खाली न ठेवता त्यानं ते पुस्तक आधी माझ्या हातात दिलं. मी तिथंच उभ्या उभ्या उघडलं. तेच वळणदार अक्षर होतं.

"पत्र पोचले. आपला दोष मानत नाही. त्या शनिवारी आपण मान हलवली, तेव्हापासून पत्र येईपर्यंतचे दिवस फार चांगले गेले, मुलांचे करतानाही थकवा वाटला नाही. अभ्यासाची पुस्तके आता दुसऱ्या कुणास द्यावीत. मला गोष्टीचे एखादे पाठवा. जाड असले तरी चालेल. आता घाई नाही."

मी कपाटापाशी गेलो आणि वाचनालयातलं सगळ्यांत जाड पुस्तक काढलं. मामा टोपली घेऊन दारात थांबला होता. ते पुस्तक मला त्याच्या टोपलीत ठेववेना.